आखाजीला मागे राहणाऱ्या गोळ्या

आमच्या गल्लीत मला कोणी नावानं हाक मारत नाही. सगळ्यांची मी आशाबेन. आशा हे कामाचं नाव आणि बेन हे सुरतेनं लावलेलं. नवरा मिलमध्ये, मी दारोदार. लसीकरण, गरोदर बायका, तापाचे पेशंट, पाण्याच्या टाक्यांतले मच्छर, सगळं आमच्याच गळ्यात. डिंडोलीतल्या आमच्या गल्ल्यांमध्ये कोणाच्या घरात काय शिजतं आणि कोणाच्या पोटात काय दुखतं, ते मला त्यांच्या नवऱ्यांच्या आधी कळतं. यात बढाई नाही. नवऱ्यांना कोणी सांगतच नाही, म्हणून.

तर अशी मी, आणि एके दिवशी हेल्थ सेंटरमध्ये आम्हाला सांगण्यात आलं की आता अँटिबायोटिकची माहिती गोळा करायची. कोणी कोणती गोळी घेतली, कुठून आणली, कोर्स पुरा केला की मधेच सोडला, घरात उरलेल्या गोळ्या आहेत का, सगळं फोनमधल्या अ‍ॅपवर भरायचं. आमच्या डॉक्टर मॅडम गुजराती, वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, पण समजवायची हातोटी चांगली. त्या म्हणाल्या, अर्धी गोळी खाऊन सोडली की जंतू मरत नाहीत, त्यांची तालीम होते. पुढच्या वेळी तीच गोळी त्यांना लागत नाही. मग दुसरी, मग तिसरी, आणि एक दिवस डॉक्टरच्या हातात काहीच उरत नाही.

मला पटलं. आमच्याकडे तर गरज सरो वैद्य मरो, हाच कायदा. ताप उतरला की गोळी बंद, उरलेली डब्यात. शेजारणीला ताप आला की तीच गोळी वाटीभर वरणासारखी भिंतीवरून पलीकडे.

पण पटणं वेगळं आणि माहिती काढणं वेगळं. पहिल्या आठवड्यात माझ्या नाकी नऊ आले. दारात उभी राहून विचारायची, घरात कोणी अँटिबायोटिक घेतलं का? उत्तर ठरलेलं, नाही बा, आम्ही तसलं काही घेत नाही. जसं काही मी दारू विचारली. कोणी म्हणे पावरवाली गोळी घेतली, कोणी म्हणे गरम दवा घेतली, कोणी म्हणे मेडिकलवाल्यानं हेवी डोस दिला. मेडिकलवाला पट्टी कातरून चार गोळ्या कागदात बांधून देतो, नाव गेलं कातरीखाली. अ‍ॅपमध्ये मी सगळीकडे 'नाही' भरत गेले आणि माझं मलाच हसू यायला लागलं. आमच्या गल्लीएवढी निरोगी गल्ली उभ्या हिंदुस्थानात नसेल!

मार्ग सापडला तो आमच्या समोरच्या घरात. तिथली सून साडीवर खडे चिकटवायचं काम घरी करते. आमच्याकडे निम्म्या बायका तेच करतात. मार्केटमधून साड्यांचे गठ्ठे येतात, सोबत रंगीत कापडाचे तुकडे चिकटवलेलं शेडकार्ड येतं, आणि त्याबरहुकूम खडा लावायचा. ही पोरगी अमळनेरकडची, हातानं चपळ, तोंडानं कमी. लग्न होऊन काही वर्षं झालेली. पहिलं बाळ पोटातच गेलं होतं, मोठा ताप येऊन. आता दुसऱ्यांदा दिवस गेले होते आणि पाचवा महिना चालू होता. त्यामुळे माझा डोळा तिच्यावर जरा जास्तच. येता जाता मी तिला विचारायची, खाल्लं का, पाणी प्यायली का, आणि ती मान हलवायची.

त्या दिवशी मी तिच्या उंबऱ्यावर बसून कपाळाला हात लावला होता. ती म्हणाली, ताई, नाव कोणाला माहीत असणार, रंग विचारा ना. एवढं बोलून तिनं एक जुनं शेडकार्ड काढलं. मला एकदम उजेड पडला. मी मेडिकलवाल्यांकडून आणि हेल्थ सेंटरमधून रिकाम्या पट्ट्या जमवल्या. मॅडमनी त्यांतल्या अँटिबायोटिकच्या वेगळ्या काढून दिल्या. आणि या पोरीनं त्या, जुन्या कापडाचे तुकडे उचकटून, त्यांच्या जागी अशा सुबक चिकटवल्या की मार्केटातल्या शेटनं ऑर्डर दिली असती.

मग बघा काय झालं ते. ज्या बायका गोळीचं नाव विचारलं की मुक्या, त्याच रंग दाखवल्यावर पोपटासारख्या बोलायला लागल्या. लांबून राणी आणि मजेंटा ओळखणाऱ्या बायका त्या, त्यांना लाल-काळी कॅप्सूल आणि लाल-पिवळी कॅप्सूल यात काय अवघड? ही मी पोराच्या खोकल्याला दिली. ही नणंदेकडून आणली. ही माझ्याकडे आहे की, थांबा दाखवते. डबे उघडले, मिसळणाच्या डब्याच्या मागून पुड्या निघाल्या. अ‍ॅप भरायला मला बोटं पुरेनात. मॅडमनी ते कार्ड दुसऱ्या आशाबेननाही करायला सांगितलं, पलीकडच्या गोडादरा भागातल्यासुद्धा मागून घेऊन गेल्या.

आणि असंच एकदा दुसऱ्या आशाबेनसाठी कार्ड चिकटवता चिकटवता ही पोरगी एका पट्टीवर बोट ठेवून सहज म्हणाली, ही तर मी कितीदा घेतली. मी म्हटलं, कशासाठी गं? ती खाली बघून म्हणाली, जळजळ होते तेव्हा. लघवीला.

अगं बाई! माझा हात तिथल्या तिथे थांबला. मग हळूहळू सगळं निघालं. कामाला बसली की उठवत नाही, गठ्ठा वेळेत द्यायचा असतो. संडास चार घरांत एक, म्हणून पाणीच कमी प्यायचं. मग जळजळ, मग ताप, मग मेडिकलमधून पुडी. दोन दिवसांत बरं वाटलं की पुडी बंद. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. आणि आताही गेले काही दिवस होतंय का, असं विचारलं तर पुन्हा खाली बघितलं.

मी तिला तशीच उठवून हेल्थ सेंटरला नेली. सासूबाई म्हणाल्या, एवढं काय, बायकांना होतंच. मी म्हटलं, होतं ते मला पण माहीत आहे, पण हिच्या पोटात तुमचं नातवंड आहे, आधी दाखवून आणते. मॅडमनी लघवीची कल्चर तपासणी करायला पाठवली. त्यात जंतू वाढवून त्यांच्यावर एकेक दवा टाकून बघतात, कोणती चालते, कोणती नाही. रिपोर्ट आला तेव्हा मॅडमनी मला बोलावून दाखवला. दवांच्या नावापुढे इंग्रजी आर, आर, आर. आर म्हणजे चालत नाही. खाली काही एस होते, एस म्हणजे चालते. पण ती बहुतेक दवाखान्यात भरती होऊन घ्यायची इंजेक्शनं. पोटात बाळ असताना घरी घेता येईल अशी गोळी एकच उरली होती.

मॅडम मला म्हणाल्या, ही गोळी तिनं पुरी घेतलीच पाहिजे. ही पण मधे सोडली तर पुढच्या वेळी माझ्याकडे घरी द्यायला काही नसेल. जंतू वर मूत्रपिंडात गेले, मोठा ताप आला, तर बाळाला धोका. पहिल्या वेळी काय झालं ते आता कोणी सांगू शकत नाही, पण या वेळी मला ती जोखीम घ्यायची नाही. त्या शांतपणे बोलत होत्या आणि मी गोळीचं नाव, दिवस, सगळं वहीत लिहून घेत होते.

त्याच दिवशी त्यांनी मला कॉम्प्युटरवर आणखी एक गोष्ट दाखवली. आम्ही दारोदार फिरून भरलेल्या माहितीचा आलेख, बायकांनी गेल्या वर्षभराचं आठवून सांगितलेलं सगळं महिन्यावार मांडलेलं. पावसाळ्यात गोळ्या जास्त घेतल्या जातात, ते कोणीही सांगेल. पण उन्हाळ्यात, वैशाखाच्या तोंडाशी, अर्धवट सोडलेले कोर्स एकदम वर गेलेले. तेही बायकांचे. आणि तेही आमच्या खान्देशी गल्ल्यांत. शेजारच्या ओडिया आणि यूपीवाल्यांच्या गल्ल्यांत तसं काही नाही. मॅडमनी विचारलं, तुमच्याकडे तेव्हा काय असतं? मी म्हटलं, काय असणार, ऊन असतं. खरंच मला सुचलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तशी गत.

पोरीनं गोळ्या सुरू केल्या. मी रोज सकाळी दारातूनच ओरडून विचारायची, घेतली का? ती आतून हात वर करायची. जळजळ कमी झाली, चेहऱ्यावर तेज आलं, जेवायला लागली. सासूबाई पण मवाळ झाल्या, तिच्यासाठी पाण्याचा तांब्या भरून कामाजवळ ठेवायला लागल्या. मी मनात म्हटलं, चला, जमलं. आणि आखाजी आली.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, अक्षय्य तृतीया ती आमची आखाजी. खान्देशात लेकीबाळींचा सण तो. माहेरचा माणूस न्यायला येतो, झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी, खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस. सुरतेतल्या आमच्या बायका वर्षभर खडे चिकटवतात आणि आखाजीकडे डोळे लावून बसतात. तेव्हा उधना स्टेशनवर उभं राहायला जागा नसते. गल्ली अशी रिकामी होते की कुत्री पण कंटाळतात.

ती निघायची त्या सकाळी मी मुद्दाम गेले. भाऊ न्यायला आलेला, तो रिक्षा बघायला नाक्यावर गेला होता. पिशवी भरून तयार, ती नवी साडी नेसून उभी, केसांत गजरा. मी म्हटलं, गोळ्या घेतल्या ना पिशवीत? तिनं हो म्हटलं, पण ते हो मला आवडलं नाही. आशाचं काम करून करून कोणतं हो खरं ते कळायला लागतं. मी आत गेले. फळीवर, आरशाच्या मागे, पट्टी तशीच ठेवलेली. निम्म्याच्या वर गोळ्या बाकी.

माझा पारा चढला. मी काय काय बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. एवढंच की अगं तुला कळतं का, तुझ्या बाळाचं काय, आणि आम्ही उन्हातान्हात पाय मोडून फिरतो ते कशासाठी, असं बरंच. ती रडायला लागली. सासूबाई मधे पडल्या, म्हणाल्या, तिला नका बोलू, मीच काढून ठेवायला सांगितलं. माहेरी जाताना दवा नेत नाहीत. दुखणं सासरचं, ते माहेरच्या घरात न्यायचं नाही. आणि माहेरच्यांना पिशवीत दवा दिसली की पहिला प्रश्न येतो, आमच्या पोरीला काय केलं तुम्ही?

मी कपाळावर हात मारून घेतला. हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. आमच्यात सगळ्यांच्याच घरी हे पाळतात. लेक माहेरी जाते ती हसत, नटून, भरल्या हातांनी. औषध फळीवर राहतं. पण ते इतकं अंगवळणी पडलेलं की मॅडमचा आलेख डोळ्यांपुढे असताना मला ते दिसलं नव्हतं. वैशाखाच्या तोंडाशी वर चढलेली ती रेघ म्हणजे घरोघरी फळीवर राहिलेल्या पट्ट्या होत्या.

पोरगी म्हणाली, ताई, परत आल्यावर घेईन सगळ्या. मी म्हटलं, परत येशील तोवर जंतू तुझी वाट बघत बसतील काय? दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं, आणि तू तर मुंगीला पण निम्म्या वाटेवर सोडून चाललीस. तिला हसू आलं नाही. ती म्हणाली, आईला पहिल्या वेळचं पण काही सांगितलेलं नाही. ताप होता, गोळ्या घेत होते, काहीच तिला माहीत नाही. ती घाबरेल. मग सण कसला.

तेव्हा माझा राग गेला, खोटं कशाला बोलू. तिच्या जागी कोणीही हेच केलं असतं. मी म्हटलं, आईला फोन लाव. तिनं मान हलवली, नाही. मी पुन्हा म्हटलं, तू नको बोलू, मी बोलते, मी बाहेरची. तिनं पिशवीतून फोन काढला. शेवटी लावला आणि माझ्या हातात दिला. मी मुद्दामच स्पीकरवर ठेवला, सासूबाईंना पण ऐकू जावं म्हणून.

आईचा आवाज मोठा, शेतातून हाका मारायची सवय असलेला. मी कोण ते सांगितलं. मग सरळ सांगून टाकलं. पोरीला लघवीचा त्रास आहे, आताचा नाही, जुना आहे. पहिल्या वेळी ताप आला होता. आता चांगली दवा लागू पडली आहे, एकच आहे, ती पुरी झाली पाहिजे. सासरच्यांची चूक काढू नका, त्यांनीच तपासायला जाऊ दिलं. सासूबाईंनी हे ऐकून पदर सारखा केला. मी म्हटलं, ती माहेरी दवा आणायला भिते आहे, तुमच्या घरात दुखणं आणू नये म्हणून.

आई बोलली तेव्हा तो मोठा आवाज एकदम लहान झाला होता.

"दुखनं मायना घर नही आनानं, ते मंग कोठे लई जावानं?"

आईच्या घरी दुखणं आणायचं नाही, तर मग न्यायचं कुठं. आमच्या अहिराणीत एवढंच. पोरगी भिंतीला टेकून खाली बसली आणि तोंडावर पदर घेऊन रडली, पण हे रडणं वेगळं होतं. सासूबाई उठल्या. आरशामागची पट्टी काढली, पुसली, आणि सुनेच्या पिशवीत सगळ्यांत वर, पुरणासाठी दिलेल्या डाळीच्या पुडीवर ठेवली. आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, आता तरी जाल का घरी, की स्टेशनपर्यंत येता? मी गेले घरी.

माहेरी तिनं सगळ्या गोळ्या घेतल्या. मला ते तिच्या आईनंच फोन करून कळवलं. ही आई भारीच निघाली. आखाजीच्या दिवशी झोक्यापाशी जमलेल्या गावातल्या सगळ्या लेकींना तिनं विचारलं म्हणे, कोणी कोणी दवा सासरी ठेवून आली? आणि एकेक जण खाली बघायला लागली. माझ्या कार्डानं जे काढलं नसतं ते तिनं झोक्याखाली उभं राहून काढलं.

परत आल्यावर पुन्हा तपासणी केली. जंतू नव्हते. मॅडमनी रिपोर्ट माझ्या हातात दिला आणि मी तो तिथंच दोनदा वाचला, वाचता काय येतंय मला त्यातलं, तरी वाचला. पावसाळा सरता सरता तिला मुलगी झाली. अंगानं बारीक, पण आवाज आजीचा.

पुढच्या वर्षी, म्हणजे यंदा, आम्ही आखाजीच्या आधीच कामाला लागलो. मॅडमनी आलेखावर बोट ठेवून सगळ्या आशाबेनना सांगितलं आणि मी त्यांना युक्ती सांगितली. जिची गोळी चालू आहे तिला उपदेश करायचा नाही, तिच्या आईला फोन लावायचा. सगळ्याच आया तशा निघाल्या नाहीत. एकीनं मला चांगलं झापलं, आमच्या पोरीला रोगी म्हणता म्हणून. एकीचे तर वडीलच बोलले आणि त्यांनी फोन ठेवून दिला. पण पुष्कळ जणी म्हणाल्या, आणू द्या, सोबत आणू द्या. या वर्षी वैशाखाच्या तोंडाशी रेघ चढली, पण तेवढी नाही चढली. मॅडम म्हणाल्या, लगेच निष्कर्ष काढायचा नाही, आणखी एक-दोन वर्षं बघू. मी म्हटलं, बघा तुम्ही, मी तर आताच पेढा खाणार.

परवा ती पोरगी बाळाला घेऊन माझ्याकडे आली होती, लसीचं विचारायला. बाळ माझ्या मांडीवर झोपलं. बोलता बोलता गेल्या सालच्या आखाजीचा विषय निघाला. मी चेष्टेनं म्हटलं, काय गं, झोके खेळलीस की नुसत्या गोळ्या खाल्ल्यास? ती म्हणाली, झोका नाही खेळले. झोपले.

मग म्हणाली, "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मी माहेरी दिवसा झोपले, ताई. आईनं उठवलं नाही. कोणी विचारायला आलं तर सांगायची, माझी पोर आजारी आहे, झोपू द्या तिला."

मी बरं म्हटलं आणि बाळाच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं. ती गेल्यावर मात्र माझं कामात लक्ष लागेना. माझी आई जाऊन बरीच वर्षं झाली. दर आखाजीला मी तिच्याकडे जायची, हसत जायची आणि हसत यायची. तिच्या घरी मी एकदाही आजारी पडले नाही.